जमिनीची प्रत, औषधाची निवड व विहिरीचें पाणी

माझी सारी नोकरी महसूल खात्यांतील कारकुनींत गेली. फेरफार, पीकपाहणी व सातबाराचे उतारे लिहितां लिहितां प्रतबंदीचीं जुनीं दप्तरें पुष्कळदां हातीं येत. मुंबई इलाख्यांत सन १८४७ च्या संयुक्त अहवालानें पाहणीचे जे नियम ठरले, त्यांत जमिनीच्या नऊ प्रती केलेल्या होत्या. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. प्रत ठरवितांना मातीचा रंग व खोली पाहात, आणि चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळल्यास प्रत खालीं उतरवीत. हा खटाटोप सरकारी सारा बसविण्यासाठीं होता हें खरें. तथापि एकाच नंबरांतील दोन पट्ट्यांची माती निराळी असूं शकते, ही गोष्ट त्या वेळच्या कारकुनांनीं जितकी ध्यानांत ठेविली, तितकी आज औषधें विकणारे व विकत घेणारे ठेवीत नाहींत. माळावरच्या मुरमाड शेतास आणि ओढ्याकाठच्या काळ्या शेतास एकाच दुकानांतून एकच पुडा, एकाच मापानें जातो. दुकानदार पिकाचें नांव विचारतो, किडीचें वा तणाचें विचारतो. मातीचें विचारीत नाहीं. ह्या चुकीची बाकी अखेर विहिरींत कशी निघते, तें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

शेतांत घातलेल्या औषधाचा जो भाग पिकाच्या कामीं येत नाहीं, त्याच्या मुख्य वाटा तीन. कांहीं भाग मातीच्या कणांस चिकटून राहतो व तेथेंच सूक्ष्म जंतूंच्या आणि पाण्याच्या योगें हळूहळू मोडतो. कांहीं पावसाच्या वाहत्या पाण्याबरोबर ओढ्यास मिळतो. उरलेला मुरणाऱ्या पाण्याबरोबर खालीं उतरतो. कोणत्या वाटेस किती जाईल, हें औषध व माती ह्या दोहोंच्या स्वभावावर अवलंबून असतें. चिकणमाती व कुजलेलें सेंद्रिय द्रव्य हीं औषध धरून ठेवितात; वाळू व मुरूम धरीत नाहींत. औषधाचेही दोन गुण पाहावे लागतात: तें मातीस किती घट्ट चिकटतें, आणि तें मोडून निम्में होण्यास किती दिवस लागतात. चिकटण्याचा अंक शास्त्रज्ञ मातींतील सेंद्रिय कर्बाच्या मानानें काढतात. कार्बोफ्युरानचा तो अंक वीस-पंचविसांच्या आसपास, मक्यांतील व उसांतील तणावर मारावयाच्या ॲट्राझिनचा सुमारें शंभर, तर क्लोरपायरिफॉसचा कित्येक हजार आहे. अंक जितका लहान, तितकें औषध पाण्याबरोबर चालावयास मोकळें. ॲट्राझिन निम्में होण्यास साधारणपणें दोन महिने लागतात. म्हणजे मृगांत मारलेल्याचा सुमारें पाव हिस्सा हस्ताच्या पावसाससुद्धां सांपडतो.

माती न पाहतां औषध घातल्यानें काय होतें, ह्याचा प्रसिद्ध दाखला अमेरिकेंतील आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर बटाट्याचें पीक मोठें होतें. तेथील जमीन रेताड, आणि लोकांचें पिण्याचें पाणीही खालच्या वाळूच्याच थरांतून येतें. बटाट्यावरील भुंगेऱ्यांसाठीं सन १९७५ पासून तेथें अल्डिकार्ब हें दाणेदार औषध मातींत घालूं लागले. तें पाण्यांत सहज विरघळतें व मातीस फारसें चिकटत नाहीं. सन १९७९ मध्यें विहिरींचें पाणी तपासलें, तेव्हां तें अनेक विहिरींत आढळलें, आणि १९८० सालीं तेथील विक्री थांबवावी लागली. चिकणमातीच्या भारी जमिनींत तेंच औषध इतक्या सुखानें खालीं उतरलें नसतें.

आपल्या पठारावर वाळूचे असे खोल थर नाहींत, म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. माळाच्या हलक्या जमिनींत वीतभर माती, तिच्याखालीं मुरूम व त्याखालीं भेगाळलेला खडक असतो. आणि आपल्या बहुतेक विहिरींचे झरे त्याच मुरमांत व त्याच भेगांत आहेत. त्या वीतभर मातीनें औषध अडविलें नाहीं, तर पुढें त्यास अडविणारें कोणी नाहीं.

काळी जमीन औषध अधिक धरते. म्हणूनच उगवणीपूर्वीं मारावयाच्या तणनाशकांचें माप बहुधा भारी जमिनीस अधिक व हलकीस कमी लागतें; हलकीस भारीचें माप दिल्यास जास्तीचें औषध खालीं तर जातेंच, शिवाय पिकासही इजा होते. परंतु काळीच्याही खोड्या आहेत. उन्हाळ्यांत तिला हात-दोन हात खोल भेगा पडतात, आणि पहिल्या जोराच्या पावसाचें पाणी मातींत न मुरतां भेगेच्या वाटेनें सरळ खालीं जातें. त्या पाण्यांतील औषधास धरावयास मातीस सवडच मिळत नाहीं. पुढें भेगा मिटल्या, माती फुगली, म्हणजे पाणी आंत न शिरतां वरून वाहूं लागतें व गाळ घेऊन जातें. मग जें औषध मातीस घट्ट चिकटलेलें म्हणून आपण निर्धास्त होतों, तेंच गाळाबरोबर ओढ्यांत व तळ्यांत पोंचतें. सायपरमेथ्रिनसारखीं औषधें माणसांच्या मानानें मासळीस कितीतरी पटींनीं घातक आहेत, हें ओढ्याकाठच्या शेतकऱ्यानें विसरूं नये.

चुनखडीची गोष्ट मला घरांतच शिकावयास मिळाली. माझ्या धाकट्या बंधूनें मक्यास ॲट्राझिन मारून त्याच शेतांत रब्बीस हरभरा केला. वर्ष कमी पावसाचें होतें. ओढ्याकडील पट्टींत हरभरा बरा आला. वरच्या पट्टींत पानें कडेनें पिवळीं पडून वाळलीं. दुकानदारानें बियाण्यास दोष दिला, परंतु दोन्ही पट्ट्यांत एकाच पोत्यांतील बियाणें पडलें होतें. पुढें जुना उतारा पाहिला, तों वरच्या पट्टीवर चुनखडीचा दोष मांडलेला! आम्ल जमिनींत ॲट्राझिन लवकर मोडतें. ज्या जमिनीचा सामू आठाच्या आसपास वा वर आहे, तेथें तें फार दिवस टिकतें. सोयाबिनांतील क्लोरिम्युरॉनचीही हीच तऱ्हा आहे. जें औषध पुढच्या पिकास जाळण्याइतकें मातींत उरतें, तें पाण्याबरोबर जावयासही तितकेंच दिवस हजर असतें, हें निराळें सांगावयास नको.

आपली माती कोणती, हें घरच्या घरीं ठरवितां येतें. बाटलींत तिसरा हिस्सा माती व बाकी पाणी घालून खूप हलवावें व ठेवून द्यावें. वाळू मिनिटाभरांत तळाशीं बसते, पोयटा कांहीं तासांत, आणि चिकणमातीस एक दिवस वा अधिकही लागतो. थरांची जाडी बोटानें मोजावी. कोरड्या मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकून फेस आला, तर चुना आहे. एका शेतांतून एकच नमुना न घेतां पट्टी बदलेल तेथें नमुना बदलावा.

जेथें माती हलकी व विहीर खालच्या अंगास आहे, तेथें ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन अशीं पाण्याबरोबर चालणारीं औषधें टाळून कोळपें व खुरपें ह्यांवरच होईल तितकें भागवावें; औषध लागलेंच तर मातीस चिकटणारें घ्यावें. काळ्या उताराच्या जमिनींत ओढ्याच्या बाजूस आठ-दहा हात गवताची पट्टी राखावी व तीवर फवारा नेऊं नये. भेगा मिटल्यावांचून अथवा मोठा पाऊस दिसत असतां मातींत औषध घालूं नये. पुष्कळ नुकसान पहिल्याच जोराच्या पावसांत होतें. शेणखताचा उपयोग येथेंही आहे. त्यानें हलक्या मातीची धरण्याची शक्ति वाढते.

आतां विहिरीचा हिशेब. भारतीय मानक १०५०० (सन २०१२) प्रमाणें पिण्याच्या पाण्यांत ॲट्राझिन लिटरमागें २ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. युरोपीय संघानें तर कोणत्याही एका औषधास ०.१ मायक्रोग्रॅमचीच मर्यादा घातली असून ॲट्राझिनची परवानगी सन २००४ मध्यें काढून घेतली. वीस फूट व्यासाची विहीर व तींत पंधरा फूट पाणी धरल्यास तें सुमारें १ लाख ३३ हजार लिटर भरतें. एवढें पाणी २ मायक्रोग्रॅमवर आणावयास शुद्ध ॲट्राझिन पाव ग्रॅमाहून किंचित् अधिक पुरतें. एकरास ५० टक्क्यांची पूड ४०० ग्रॅम घातली, तर शुद्ध औषध २०० ग्रॅम पडतें. त्याच्या साडेसातशांत एक भाग विहिरीस गेला कीं मर्यादा गांठली. विहिरीस झरा आहे व उपसाही आहे, तेव्हां हा हिशेब ढोबळच समजावा.

परंतु ह्याच हिशेबाची दुसरी बाजू मला अधिक भयंकर वाटली. वरील पूड २०० लिटर पाण्यांत कालविली, तर दर लिटरांत एक ग्रॅम शुद्ध औषध येतें. म्हणजे पंपाच्या तळाशीं राहिलेलें पाव लिटराहून थोडें अधिक द्रावण विहिरींत पडलें, तर माती हलकी कीं भारी हा प्रश्नच उरत नाहीं. आणि पंप धुतात कोठें? पाणी जवळ म्हणून विहिरीच्या काठावर, पुष्कळदां ज्या डोणींत जनावरें पितात तिच्या शेजारीं. काठ तुटलेला असला तर धुवण सरळ आंत उतरतें.

धुवणाचें पाणी फवारलेल्या शेतांतच, पिकाच्या ओळींवर फिरवून संपवावें. पंप तेथेंच तीनदां थोड्या थोड्या पाण्यानें विसळावा. आमच्याकडे आतां पंप विहिरीपासून दोनशें पावलांवर, मक्याच्या शेतांतच धुतात. पाण्याचा डबा डोक्यावरून तेथवर न्यावा लागतो, म्हणून गडी कुरकुरतात.