ओरडायला घरात परवानगी आहे ना?

पेपरात एखादी नको ती बातमी येते आणि त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "आपल्या भागात चांगला कराटे क्लास आहे का हो?" भराभर उत्तरं येतात. कुणी फी सांगतं, कुणी वेळ. आठवडाभरात पांढरा ड्रेस घरी येतो, पिवळ्या पट्ट्याची परीक्षा कधी असते याची चौकशी होते आणि पोटातला गोळा जरा सैल होतो. आपण काहीतरी केलं, एवढं समाधान त्या दिवसापुरतं पुरतं.

मीही या आयांमधलीच. त्यामुळे क्लास नको असं मी मुळीच म्हणणार नाही. जरूर लावा. चांगल्या क्लासात मूल न लागता पडायला शिकतं, तोल सावरायला शिकतं. कुणी मनगट धरलं तर नुसती ओढाताण करायची नाही. समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथे येऊन मिळतात, त्या फटीकडे हात फिरवून झटक्यात काढायचा. पकड तिथेच कच्ची असते. लहान मुलीलाही सरावाने हे येतं.

पण तीस किलोची मुलगी ऐंशी किलोच्या माणसाला लोळवेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिला लढून जिंकायचं नाहीये. तिला सुटायचंय, पळायचंय आणि कुणाला तरी सांगायचंय. क्लास बघायला जाल तेव्हा पट्ट्यांचे रंग नंतर विचारा. पळून जायला शिकवतात का, ओरडायचा सराव घेतात का, पालकांना बसून बघू देतात का, मुलाचा हातपाय धरून दाखवण्याआधी सर त्याला विचारतात का, हे आधी बघा.

ओरडण्याचं बघा. कराटेत वार करताना पोटातून आरोळी द्यायची असते, किआई म्हणतात तिला. लाथ मुलांना लवकर जमते. आरोळी मात्र घशात अडकते. अडकणारच ना? दिवसभर आपण काय सांगत असतो? हळू बोल. शेजारी काय म्हणतील? मोठ्यांना उलट उत्तर देऊ नकोस. शहाण्यासारखी बस. आपण दमलेलो असतो, घरात दोन मिनिटं शांतता हवी असते, म्हणून बोलतो. यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. पण क्लासात तासभर शिकलेलं घरी उरलेल्या वेळात पुसलं जातं, हे खरं.

आणि धोका बहुतेक वेळा अंधाऱ्या गल्लीतून येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. शेजारी, नातेवाईक, शिकवणारे, घरी येणारे-जाणारे. अनोळखी माणसाला लाथ मारणं मुलाला कल्पनेत तरी जमतं. ज्याला रोज 'काका' म्हणायचं, जो चॉकलेट आणतो, ज्याच्या पाया पडायला आईनेच शिकवलंय, त्याचा हात झटकून पळायला पाय किती जड होत असतील! आपली खरी तयारी इथे कमी पडते.

कॅनडात यावर झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली त्यात होत्या. त्यांतल्या काहींना तीन-तीन तासांच्या चार सत्रांचं प्रशिक्षण मिळालं, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षभरात पूर्ण बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्या मुलींत ९.८ टक्के होतं, घेतलेल्यांत ५.२. त्या बारा तासांत हातापायांचे डाव होतेच. पण बराच वेळ दिला होता तो धोका लवकर ओळखायला, आणि ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणताना मनात जो संकोच दाटतो तो बाजूला सारायला. त्या मुली मोठ्या होत्या, आपली लेकरं लहान. संकोच मात्र तोच, आणि तो रुजतो आपल्याच दिवाणखान्यात.

आठवून बघा. पाहुणे येतात, मूल आईच्या मागे लपतं आणि आपण त्याला पुढे ढकलतो, "अगं, मामांना पापी दे ना, किती लांबून आलेत!" मूल अंग चोरतं, सगळे हसतात. त्या क्षणी त्याला कळतं, की माझ्या अंगाला कुणी हात लावायचा हे मी ठरवायचं नसतं.

मग करायचं काय? आजीआजोबांचं मन मोडायचं? नाही हो. त्यांना आधीच, निवांत वेळी सांगता येतं, "आई, ती आपणहून आली तर घ्या जवळ, नाही आली तर नमस्कारावर सोडून द्या." पहिल्यांदा थोडं लागतं त्यांना. पण कारण नीट सांगितलं तर नातवंडासाठी आजी आपल्यापेक्षा जास्त कडक होते. मूल गुदगुल्यांना 'बास' म्हणालं की तिथल्या तिथे हात थांबवा, हसत असलं तरी. आपला शब्द चालतो, हा अनुभव त्याला घरात मिळाला तर बाहेर तो शब्द तोंडातून निघेल.

मुलग्यांबद्दलही हेच. त्यांना आपण 'रडतोस काय मुलीसारखा' म्हणून गप्प करतो आणि काळजी फक्त मुलींची करतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते.

सराव भीती न घालता करता येतो. मोकळ्या मैदानावर किंवा गच्चीवर सगळ्यांनी मिळून ओरडायचं, तेही नेमकं: "हे माझे बाबा नाहीत! मी यांना ओळखत नाही!" नुसतं रडणं ऐकून लोकांना वाटतं हट्ट चाललाय. गर्दीत हरवलास तर कुणाकडे जाशील? लेकरं बरोबर असलेल्या एखाद्या बाईकडे, दुकानाच्या गल्ल्यावर, वर्दीतल्या पोलिसाकडे, हे चालता चालता दाखवा. शाळेतून न्यायला दुसरं कुणी आलं तर घरच्यांनाच माहीत असलेला एक शब्द मुलाने विचारायचा. आणि त्याला आपला फोन नंबर पाठ आहे का, हे आजच बघा. सगळं मोबाइलमध्ये असतं, त्यामुळे बऱ्याच मुलांना येत नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायची आहे. इतका सराव करूनही ऐनवेळी मूल गोठू शकतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. मोठमोठ्या माणसांचंही असं होतं. भीतीला शरीर जी उत्तरं देतं त्यातलं ते एक आहे, त्यात भित्रेपणा नाही. म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवा, "काही करता आलं नाही तरी चूक तुझी नाही. नंतर सांग. कधीही सांग." 'मग ओरडली का नाहीस? एवढा क्लास लावला होता ना?' हा प्रश्न काळजीपोटी जिभेवर येतो. तो गिळा. तो ऐकल्यावर मूल पुढचं सांगत नाही.

आणि मुलं सांगतात तीही आडून. कुकरची शिट्टी होत असते, फोन वाजत असतो, आणि मूल म्हणतं, "मला त्या सरांकडे नाही जायचं." अभ्यासाचा कंटाळा असेल, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तेवढंच असतंही. तरी गॅस बारीक करून एकदा विचारा, "का रे, काय नाही आवडत?" उत्तर आलं तर आधी म्हणा, "बरं केलंस सांगितलंस." आपला चेहरा घाबरला की ते गप्प होतं, म्हणून आपलं रडणं नंतर.

पोलिस, बदनामी यांच्या धास्तीने पुष्कळ घरं पुढे जात नाहीत. पॉक्सोत मुलांसाठी बरंच सांभाळलेलं आहे. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेतला जातो, अधिकारी गणवेशात नसतो, मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही, ओळख जाहीर करता येत नाही. काय करावं सुचत नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, तातडीची मदत हवी तर ११२. फ्रिजवर दुधाच्या हिशेबाशेजारी हे दोन्ही नंबर लिहून ठेवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.