शेंगदाण्यातील स्टेरॉल आणि रक्तातील कोलेस्टेरॉल



एरवी या पानावर आम्ही बेणे, लागण, खते आणि पाणी याविषयी लिहितो. पण अलीकडे गट ऑफिसात ऊस नोंदीला आलेले सभासद खिशातून रक्ततपासणीचा कागद काढतात आणि विचारतात, "साहेब, ते वनस्पती स्टेरॉल काय असतं? त्याची पावडर घेतली की कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येते म्हणे!" आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण पदार्थ पिकातला आहे, तेव्हा माहिती देणे आमच्याकडे येते.

प्राण्यांच्या पेशींच्या पडद्यात जे काम कोलेस्टेरॉल करते, तेच काम वनस्पतींत स्टेरॉल करतात. दोघे जवळजवळ सख्खे भाऊ. तीळ, शेंगदाणा, करडई, मका, गहू, डाळी या सर्वांत ते थोडेफार असतात. तिळाच्या आणि भाताच्या कोंड्याच्या तेलात बरेच, खोबरेल आणि पामतेलात कमी.

आता ते पोटात करतात काय? स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत. पित्तरस त्यांचे अतिसूक्ष्म कण करतो आणि त्या कणांत बसूनच कोलेस्टेरॉल आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचते. या कणांना उसाच्या गाड्या समजा. गाड्या मोजक्या आणि माल जास्त. स्टेरॉल गाडीतली जागा अडवितात, मग कोलेस्टेरॉल फडातच पडून राहते आणि शौचावाटे निघून जाते. स्टेरॉल स्वतः मात्र रक्तात फारसे शिरत नाहीत. कोलेस्टेरॉल साधारण निम्मे शोषले जाते, तर स्टेरॉल शंभरात पाचसुद्धा नाहीत. जे आत शिरतात त्यांतले बहुतेक पेशी पुन्हा आतड्यात लोटून देतात.

माळकरी मंडळी म्हणतील, आम्ही अंडे-मटण खातच नाही, मग अडवायचे काय? तर कोलेस्टेरॉल आपले यकृतही तयार करते. ते पित्ताबरोबर आतड्यात उतरते आणि तेथून पुन्हा शोषले जाते. ती परतीची वाटही स्टेरॉलमुळे अडते.

हे नुसते तर्क नाहीत. सोयाबीनच्या स्टेरॉलने कोंबडीच्या पिलांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल वाढायचे थांबते, हे अमेरिकेत १९५१ मध्येच दिसले होते. पुढे फिनलंडमध्ये १५३ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. स्टेरॉलवर प्रक्रिया करून ते लोण्यासारख्या मार्गारिनमध्ये घातले होते. खाणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल सुमारे १० टक्के उतरले. हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण खरी मेख मात्रेत आहे. एवढा उतार पडायला रोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल लागतात. रोजच्या जेवणातून मिळतात पाव ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम शेंगदाण्यात दीडशे ते सव्वादोनशे मिलिग्रॅम धरले, तर २ ग्रॅमसाठी किलोभर दाणे खावे लागतील, आणि त्यात साडेपाच हजारांवर कॅलरी! तेव्हा दाण्याचा कूट, तिळाची चटणी, उसळ ही जेवणात जरूर असावी, फायदा होतो. पण औषधाइतका नाही.

पावडरीने दहा टक्के उतरते हे खरे. डॉक्टरांच्या स्टॅटिन गोळीने तीस ते पन्नास टक्के उतरते आणि हृदयविकाराचे झटके कमी होतात हे सिद्ध आहे. स्टेरॉल खाऊन झटके कमी झाले, असा थेट पुरावा अद्याप नाही. म्हणून पावडरीपायी गोळी सोडणे म्हणजे विहीर बुजवून घागरीवर मळा भिजविण्यासारखे आहे. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे त्यांनी तर हा विचारही करू नये.

उसाच्या कांडीवर बोट फिरविले की पांढरी मेणचट भुकटी लागते. त्या मेणातून काढलेल्या पोलिकोसॅनॉलच्या गोळ्या क्यूबातून जगभर विकल्या गेल्या. (हे स्टेरॉल नव्हे, पण लोक गल्लत करतात.) जर्मनीत १४३ रुग्णांवर तपासणी झाली, २००६ मध्ये निकाल आला: कोलेस्टेरॉलवर काहीच परिणाम नाही. आपला ऊस असला तरी खरे ते सांगितलेच पाहिजे.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि पाच वर्षांखालील मुलांना स्टेरॉलची पावडर देऊ-घेऊ नये. रोज घेणाऱ्यांच्या रक्तात गाजरातला कॅरोटीन थोडा कमी होतो, त्यांनी गाजर, भोपळा, पालेभाजी वाढवावी. काही मोजक्या घराण्यांत स्टेरॉल परत लोटणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असते. असे दुखणे १९७४ मध्ये प्रथम दोन बहिणींत आढळले. लहान वयात टाचेच्या शिरेवर किंवा कोपरावर पिवळट गाठी दिसल्या, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे आणि घरात कोणाला कमी वयात झटका आला असल्यास तेही सांगावे.