चर्चच्या शाळेत धर्म शिकवताना

लेस्टर, २२ ऑगस्ट

चि. मुग्धा,

चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत इयर फोरचा वर्ग मिळाला, त्याबरोबर आर.ई.चा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तासही आला. "मावशी, मी हिंदू, मी येशू कसा शिकवू?" असं तू फोनवर विचारलंस. इतिहास शिकवतेस तसाच शिकव, नीट वाचून आणि प्रामाणिकपणे.

आधी कायदा समजून घे. तुझी शाळा 'व्हॉलंटरी कंट्रोल्ड', म्हणजे आर.ई.चा अभ्यासक्रम स्थानिक पातळीवर ठरलेला. त्यात इतर धर्मही येतात. मात्र निदान निम्मा वेळ ख्रिस्ती धर्माला मिळावा, अशी चर्चची अपेक्षा असते. शाळेची प्रार्थनासभा वेगळी आणि तुझा तास वेगळा. सभेत प्रार्थना होते, तासाला प्रश्न विचारायचे असतात. एखाद्या पालकांनी मुलाला आर.ई.ला बसवायचं नाही असं ठरवलं, तर तो त्यांचा कायदेशीर हक्क आहे.

आता मुख्य गोष्ट. 'सगळे धर्म शेवटी एकच' असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. घरी ती चालते, वर्गात चालत नाही. नाताळच्या सुमारास 'इनकार्नेशन' शिकवताना "हे आपल्या अवतारासारखंच" असं म्हणायचा मोह होईल. तो टाळ. विष्णूचे अवतार अनेक. ख्रिस्ती मात्र मानतात की देव एकदाच माणूस झाला. मुसलमान येशूला, म्हणजे त्यांच्या ईसाला, पैगंबर मानतात, देवाचा पुत्र मानत नाहीत. हे फरक पुसलेस, तर वर्गातल्या एकाही मुलाला स्वतःचा धर्म ओळखू येणार नाही. ख्रिस्ती लोकांतही एकमत नसतं. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, बॅप्टिस्ट समजत्या वयात. म्हणून "बरेच ख्रिस्ती मानतात" असं बोलायची सवय लाव.

ख्रिस्ती म्हणजे गोरे, असं कुणाला वाटत असेल तर पंडिता रमाबाईंची गोष्ट सांग. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्येच, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तरी धर्मतत्त्वांवरून तिथल्या अँग्लिकन वडीलधाऱ्यांशी वाद घालायचं काही सोडलं नाही.

दिवाळीला वर्गातल्या एकुलत्या हिंदू मुलीला "तुमच्यात काय करतात, सांग" म्हणून उभी करू नकोस. आठ वर्षांच्या पोरीने अख्ख्या धर्माची वकिली का करावी? आपणहून बोलली तर मन लावून ऐक. आणि "मिस, तुमचा देव कोणता?" असं कुणी विचारलं, तर खरं ते एका वाक्यात सांग आणि पुढे शिकवायला लाग.

मनाला पटत नसेल, तर कंट्रोल्ड शाळेत सामान्य शिक्षकाला या विषयाला नकार देता येतो. तू देऊ नकोस. बाहेरून आलेल्या माणसाला काहीच गृहीत धरता येत नाही, आणि या विषयाला तशीच शिक्षिका लागते. सप्टेंबरपूर्वी लूकचं शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढ.

तुझी,
मावशी