सूपने पोट भरतं, वजन भरत नाही

"ताई, तुम्हाला पोषणातलं काही कळत नाही. तुम्ही फक्त वाटप करा." पाड्यावरच्या सगळ्या आयांसमोर त्या मॅडम मला असं म्हणाल्या. मोखाड्यात खोडाळ्याच्या बाजूला मी बरीच वर्षं अंगणवाडी सांभाळते. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो मी झाकणारही नाही. पण नुसता राग काढून भागणार नाही. जव्हार-मोखाड्याचं नाव ऐकून 1992 मध्ये वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने गेली तेव्हापासून आजवर कितीतरी लोक गाड्या घेऊन आले. पुढेही येतील. म्हणून हे लिहिते.

उन्हाळा होता. शहरातली एक संस्था, त्याच मॅडमची, बर्फाच्या पेट्यांतून भाज्यांचं गार सूप घेऊन आली. दुधी, टोमॅटो, गाजर शिजवून, वाटून, गाळून बाटल्यांत भरलेलं. एक ग्लास म्हणजे एक जेवण, व्हिटॅमिन भरपूर, उन्हात थंडावा, असं सांगितलं गेलं. वेळ ठरवली सकाळची, गरम ताज्या आहाराच्या आधीची. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "मॅडम, हे पातळ आहे. द्यायचंच तर खिचडी खाऊन झाल्यावर द्या, नाहीतर यात डाळ घाला." त्यावर फॉर्म्युला शास्त्रीय आहे, त्यात हात घालायचा नाही, असं उत्तर मिळालं.

एक मुलगा नुकताच भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून आईबापांबरोबर परत आला होता. तिसरं वर्ष सरलेलं, दंडघेराची फीत लाल. त्याने ग्लासभर सूप गटागटा प्यायलं. गार आणि गोडसर, कुठलंही मूल पिईल. मग खिचडीचा घास पुढे केला तर त्याने तोंड फिरवलं. आई म्हणाली, "पोट भरलाय त्याचा, ताई." मी त्याच्या पोटावरून हात फिरवला. टम्म होतं. एरवी वाटीभर खिचडी खाणारं पोर त्या दिवशी एक घासही घेईना.

तेव्हा मी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. 100 मिलीला 20 किलोकॅलरी, प्रोटीन अर्धा ग्रॅम. म्हणजे 200 मिलीच्या ग्लासात 40 किलोकॅलरी आणि 1 ग्रॅम प्रोटीन. तीव्र कमी वजनाच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला 800 किलोकॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. त्याचा हा विसावा हिस्सा, आणि तेवढ्यासाठी त्या पोटातली सगळी जागा अडलेली. त्या क्षणी माझ्या अंगातून संतापाची कळ गेली. सूप मुलाला काही देत नव्हतं. जे मिळणार होतं, तेच अडवत होतं.

बाटली मॅडमना दाखवली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. लेबल वाचून कोणी आहारतज्ज्ञ होत नाही, म्हणाल्या, आणि त्याच मुलाच्या हातात ग्लास देऊन फोटो काढला. पुढच्या वजनाला त्याचा काटा खाली गेला होता. आम्ही त्याला जव्हारच्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. तिथे थोडं थोडं, पण दाट आणि दिवसातून अनेकदा खाऊन तो सावरला. संस्थेतल्या एकानेही त्याची चौकशी केली नाही. पहिला पाऊस पडला आणि त्यांची गाडी बंद झाली. रिकाम्या पेट्या अजून माझ्या ओट्यावर आहेत.

आता सांगायचं ते सांगते.

भाज्यांचं सूप वाईट नसतं. साखरेचा आजार असलेल्याने, वजन उतरवायचं असलेल्याने जेवणाआधी ते जरूर प्यावं. पोट लवकर भरतं, म्हणूनच त्यांना फायदा होतो. आमच्या मुलांचं तेच नुकसान आहे. कमी खाण्याची गरज असलेल्या माणसाचं अन्न, जास्त खाण्याची गरज असलेल्या मुलाला देऊ नका.

गार केल्याने पोषण वाढत नाही. शिजवताना सी जीवनसत्त्व बरंचसं जातं, ठेवून ठेवून आणखी घटतं. गाळलं की चोथा जातो, त्याबरोबर तंतू आणि पोषणाचा बराच भाग जातो. गाजरातला केशरी रंग, ज्यापासून अ जीवनसत्त्व होतं, तो अंगी लागायला सोबत थोडं तेल-तूप लागतं. स्पेनमध्ये टोमॅटोचं गार सूप पितात, गाझपाचो. पण त्यात ते ऑलिव्हचं तेल घालतात आणि बहुतेकदा पावही वाटून टाकतात. नुसत्या भाजीच्या पाण्यावर कोणी जगत नाही.

बर्फ वितळला की सूप फेका. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, रस्ता लांबचा. कुपोषित मुलाला एक जुलाबही परवडत नाही.

गारच द्यायचं असेल तर आंबील द्या. नागलीचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी शिजवायचं, निवल्यावर ताक घालायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. 50 ग्रॅम पिठात साधारण 160 किलोकॅलरी आणि 170 ते 180 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. आंबवल्याने त्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. मुलासाठी ती दाट ठेवा, चमच्यावरून ओघळली नाही पाहिजे. वरून चमचाभर खुरासणीचं तेल घातलंत तर आणखी 40-45 किलोकॅलरी. मूठभर शेंगदाण्याचं कूट किंवा एक अंडं बाजूला असलं, तर प्रत्येकी 6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन.

भाजी द्यायची तर टाकळा, शेवग्याचा पाला, माठ डाळीत शिजवा आणि पाण्यासकट खायला द्या. पाणी ओतून देऊ नका. लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको.

मुलांना रोज ताजं खायला द्या, हात धुवा, पाणी उकळून घ्या. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते.

आणि माझ्या सेविका बहिणींनो, कोणी काहीही घेऊन आलं तरी आधी मागचं लेबल वाचा. किलोकॅलरी आणि प्रोटीन वहीत लिहा, खाली त्यांची सही घ्या. जेवणाआधी काही वाटू देऊ नका. सुरू करायच्या दिवशी वजन करा, पंधरवड्याने पुन्हा करा आणि वाढीचा तक्ता सगळ्यांसमोर ठेवा. फोटो काढायचा असेल तर त्या दुसऱ्या वजनानंतर काढा, असं सरळ सांगा. पोषणातलं आम्हाला कळतं. मूल आमच्या काट्यावर चढतं.