फाइल उडाली? दुकानाची पायरी चढण्याआधी

आधी हात थांबवा. ज्या डिस्कवरची फाइल गेली, तिच्यावर आता काहीही करू नका. नवं सॉफ्टवेअर टाकू नका, उपाय शोधायचा तोही दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर शोधा. डिलीट केल्यावर हार्ड डिस्कवरून फक्त फाइलची नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. त्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र तो गेला. एसएसडीवर त्याहून घाई असते. तिथे 'ट्रिम' नावाची सोय मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करते, अनेकदा काही मिनिटांत. म्हणून एसएसडीवरची डिलीट फाइल 'शंभर टक्के आणून देतो' म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. पेनड्राइव्ह लावल्यावर फॉरमॅट करायचं का असं विचारलं, तर कॅन्सल दाबा.

मग फुकटच्या जागा बघा. रिसायकल बिन (शिफ्ट-डिलीट केलेलं किंवा पेनड्राइव्हवरून उडालेलं तिथे नसतं). गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवस, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस, आयफोनमध्ये ३० दिवस. फाइल कुणाला पाठवली होती का, आठवा: सेंट मेल, सीए, लग्नाचा फोटोग्राफर, मावशीचं व्हॉट्सॲप. भरलेलं आयकर विवरणपत्र आयकर पोर्टलवरून उतरवता येतं. आधार, पॅन, लायसन्स, दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते. यांच्यासाठी रिकव्हरीला एक रुपयाही मोजू नका.

डिस्क शाबूत आहे, नुसतं डिलीट झालंय? फोटोरेक हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरीही. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि मिळालेलं तिसरीकडे सेव्ह करा, त्याच डिस्कवर नाही. १ टीबीला काही तास जातात, रात्री लावून ठेवा. फोटोरेक फाइलची जुनी नावं परत देत नाही. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावांनी येतात, ते निवडत बसावं लागतं. पैसे घेणारी बरीच सॉफ्टवेअर फाइलींची यादी फुकट दाखवतात आणि सेव्ह करायला गेलं की पैसे मागतात. घेतलंच, तर आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.

डिस्क पडली असेल, टक-टक वाजत असेल, तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. माझी अशी वाजणारी डिस्क मी घाईत जवळच्या दुकानात नेली. त्यांनी काउंटरवरच, फिरत्या पंख्याखाली, तिचं झाकण उघडलं आणि आत फुंकर मारली. नंतर क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या ठिकाणी नेली, तर ती बघूनच दर दुप्पट झाला. झाकण फक्त क्लीन रूममध्येच उघडायचं, हे दुकानदाराकडून आधी लिहून घ्या.

दर ठरलेले नसतात, घासाघीस होते. साधं डिलीट किंवा फॉरमॅट: साधारण दीड ते पाच हजार रुपये, दोन-चार दिवस. आतला भाग बिघडला असेल तर दहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत, एक ते तीन आठवडे. त्यावर १८ टक्के जीएसटी. 'डेटा नाही तर पैसे नाही' ही पाटी पूर्ण खरी धरू नका. तपासणी फी, सुट्या भागांसाठी आणलेली दुसरी डिस्क, कुरिअर, डेटा भरून देण्याची नवी डिस्क, अर्जंट चार्ज हे सगळं वेगळं लागू शकतं. एकेकाचा आकडा विचारा. डिस्कच्या लेबलचा फोटो काढा, जॉबशीटवर सीरियल नंबर आणि कमाल रक्कम लिहून घ्या. वॉरंटी असेल तर मूळ बिल न्या. पण वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. लॅपटॉप बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. उरलेले पैसे देण्याआधी दहा फाइली स्वतः उघडा. 'अमुक जीबी निघालं' एवढ्यावर समाधान मानू नका, न उघडणाऱ्या फाइलीही त्यातच मोजलेल्या असतात. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही. मुदत २ वर्षं.

आता बॅकअपचा खर्च. १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क पाच-सात हजारांना मिळते. गूगलची १५ जीबी जागा फुकट आहे, पण जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून. १०० जीबीला महिना साधारण १३० रुपये. डिस्क आणि क्लाउड दोन्ही ठेवा, कारण नुसता सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: फोनवरून फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी, मॅकमध्ये टाइम मशीन आधीच असतं. ते एकदा चालू करा. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको, बॅगेबरोबर दोन्ही जातील. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.