गाडी थरथरते? आधी रिम धुवा, मग पाकीट उघडा

गुडीहत्नूरकरांना गाडीची परीक्षा घ्यायला रस्ते फुकटात मिळालेत. आदिलाबाद-निर्मल हा चौपदरी ४४ नंबरचा हायवे थरथर दाखवतो, शेताकडची खाचखळग्यांची वाट खडखड ऐकवते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला यातलं काहीच सांगता येत नाही.

स्टिअरिंग ताशी ८० च्या पुढे थरथरत असेल, तर पहिला संशय पुढच्या चाकांच्या बॅलन्सिंगवर; थरथर सीटखाली जाणवली तर मागच्या. पावसाळ्यात मात्र आधी रिमची आतली बाजू बघा. इथली काळी माती तिथे चिकटून वाळते आणि चाकाचा तोल बिघडतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून पुन्हा हायवेवर जा. बऱ्याचदा खर्च तिथेच संपतो. नाहीच थांबली, तर बॅलन्सिंगचे चाकामागे साधारण ७० ते १५० रुपये. ‘अलाइनमेंट करून टाका’ हा सल्ला अशा वेळी सर्रास मिळतो. अलाइनमेंटने एका बाजूला ओढणारी गाडी सरळ होते, टायर एकीकडून झिजायचा थांबतो; थरथर जात नाही. ते ३००-५०० रुपये वाचवा. टायरला फुगा आला असेल, तर बॅलन्सिंगही फुकट, टायरच बदला.

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर? डिस्क असमान झिजली आहे. लेथवर घासून काम भागतं, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली ती जाता कामा नये.

वेगाबरोबर घुंईऽऽ असा आवाज वाढत असेल, तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर इंजिन चालू ठेवूनच क्षणभर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला, तर दोष चाकाकडे. डावीकडे हलकं वळताना तो वाढला, तर बहुधा उजवं हब बेअरिंग, कारण भार तिकडे जातो. छोट्या कारला मजुरीसकट दीड ते साडेतीन हजार. हे काम लांबवू नका. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना कट-कट वाजलं, तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्यावरचा रबरी बूट फाटलेला वेळेत दिसला, तर हजाराच्या आसपास. आत माती गेली की तीन ते सहा हजार. खड्ड्यात ठक्-ठक् झालं, तर आधी लिंक रॉड तपासायला सांगा, जोडीचे हजार-दोन हजार. शॉकअप बदलण्याची घाई नको. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत निघताना धक्का बसून आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघायला लावा.

(नवं चाक बसवल्यावर ठकठक सुरू झाली, तर थांबा आणि नट आवळा. यात चालढकल नको.)

हे सगळे दर छोट्या कारचे अंदाज आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जास्त पडतात. मेकॅनिकला ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नका. किती वेगाला, वळताना की ब्रेकवर, रिकामी की भरलेली, हे सांगा आणि त्याला शेजारी बसवून फेरी मारा. जुना पार्ट परत मागा, बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. कुणी २८ लावला, तर हरकत घ्या. वाद मिटत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.