‘ढ’ कोण?

केळापूर तालुका हा यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिणेकडील, तेलंगणाच्या सीमेलगतचा भाग होय. पांढरकवडा हे त्याचे मुख्य ठिकाण. कापसाच्या या मुलखात मराठीबरोबरच गोंडी, कोलामी व तेलुगू या भाषाही कानी पडतात. येथील काय किंवा महाराष्ट्रातील अन्य कोठल्याही गावची काय, शाळेत असा एखादा विद्यार्थी आढळतो, की जो कापसाच्या वजनाचा हिशेब तोंडी करतो, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. परंतु पुस्तक हाती येताच अडखळू लागतो. ‘घर’ऐवजी ‘धर’ वाचतो, ओळ सोडून जातो, स्वतः लिहिलेला शब्द पुढच्याच ओळीत निराळा लिहितो. मग सोबती हसतात आणि त्याला एक नाव मिळते : ‘ढ’! अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला अक्षरानेच डिवचावे, हा केवढा अन्याय!

अशा मुलांपैकी काहींच्या अडचणीला ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेवरून आला. ‘डिस्’ म्हणजे कठीण आणि ‘लेक्सिस’ म्हणजे शब्द. मराठीत तिला वाचन-अक्षमता असे म्हणता येईल.

या अडचणीची एक जुनी नोंद इंग्लंडमधील आहे. प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी १८९६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. पर्सी चलाख होता, खेळांत तरबेज होता. ७४९ ला ८६७ ने गुणण्याचे उदाहरण त्याने झटपट व बिनचूक सोडवले; पण स्वतःचे नाव लिहिताना त्यातील अक्षरांची उलटापालट केली आणि ती चूक त्याच्या ध्यानातही आली नाही. सारे शिक्षण तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बुद्धी आणि वाचन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

असे का होत असावे? बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते; वाचन मात्र शिकवावे लागते. मानवाला लेखनकला अवगत होऊन सुमारे पाच हजार वर्षेच झाली आहेत. वाचताना मेंदूला डोळ्यांनी पाहिलेल्या खुणेची कानांनी ऐकलेल्या ध्वनीशी जोड घालावी लागते. शब्दातील ध्वनी सुटे करणे आणि प्रत्येकाची खूण ओळखणे हे काम डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या मेंदूला विशेष जड जाते. हा डोळ्यांचा दोष नव्हे, आळस नव्हे आणि बुद्धिमांद्य तर नव्हेच. पुष्कळदा ही अडचण एकाच कुटुंबातील अनेकांत दिसून येते.

मराठी वाचनाच्या वाटेतही खाचखळगे आहेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ही अक्षरे दिसायला जवळजवळ सारखी. ‘किती’ या शब्दात आधी ‘क्’ उच्चारतात आणि मागाहून ‘इ’. लिहिताना मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. ‘सूर्य’ या शब्दातील रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण त्याचा उच्चार ‘य’च्या पूर्वी होतो. सरावलेल्या वाचकाला हे जाणवतही नाही. ज्याला प्रत्येक ध्वनी शोधावा लागतो, त्याला मात्र हे कोडेच वाटते.

तथापि अडखळत वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला डिस्लेक्सिया असतोच, असे नाही. कोणाची दृष्टी अधू असते, कोणाला कमी ऐकू येते, कोणाची शाळा कापूस वेचणीच्या दिवसांत बुडते. ज्या बालकाच्या घरी कोलामी वा गोंडी बोलतात, त्याच्यासाठी शाळेतील मराठी ही नवीच भाषा असते. म्हणून तज्ज्ञांकडून नीट पारख होणे अगत्याचे असते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी अशा चाचण्या सिद्ध केल्या.

डिस्लेक्सिया औषधाने जात नाही, परंतु योग्य शिकवणीने वाचन सुधारते. शब्द तोडून म्हणावा, प्रत्येक ध्वनीला टाळी द्यावी, अक्षर मोठ्याने उच्चारीत वाळूत बोटाने गिरवावे. म्हणजे डोळा, कान आणि हात एकत्र कामाला लागतात. पूर्वी आपल्याकडे मुले धुळाक्षरे गिरवीत. त्या रीतीची येथे आठवण होते.

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. लेखनासाठी त्यांना अधिक वेळ मिळतो व शुद्धलेखनाच्या चुका क्षम्य मानल्या जातात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्यातही अशा अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. ही मेहेरबानी नव्हे. लंगड्याच्या हाती काठी दिली म्हणून कोणी त्याला शर्यतीत लबाडी केली असे म्हणत नाही.

कायदा सवलत देतो. सन्मान मात्र सोबत्यांनीच द्यावयाचा असतो. शेजारचा मुलगा अडखळला, तर हसू आवरावे, थोडे थांबावे, त्याने विचारल्यास शब्द हळूच सांगावा. प्रश्न वाचून दाखवला, तर उत्तर कदाचित तोच सर्वांच्या आधी देईल. ज्याला एक पान वाचण्यासाठी इतरांच्या दुप्पट कष्ट पडतात आणि तरीही जो रोज पुस्तक उघडतो, त्याला ‘ढ’ म्हणणारानेच आपल्या शहाणपणाचा विचार करावा.

स्वाध्याय

१. पर्सीच्या हकीकतीवरून कोणती गोष्ट स्पष्ट होते?
२. वाचनात मागे पडण्याची डिस्लेक्सियाखेरीज कोणती कारणे पाठात सांगितली आहेत?
३. पर्सीने केलेला गुणाकार स्वतः करून पाहा. त्यास किती वेळ लागला?
४. रफार असलेले पाच शब्द लिहा व त्यांचे ध्वनी क्रमाने म्हणून दाखवा.